सोळातला सहा

कूलरच्या टाकीत शेवाळ कोणी आणून टाकत नाही. रोज बघावं तर पाणी स्वच्छ, आणि एक दिवस झाकण काढलं की सगळं हिरवंगार! आमच्या ऑफिसातले किस्से तसेच साचलेत. घडत होते तेव्हा कोणाला हसू आलं नव्हतं. आता चार जण जमले की "मीनाक्षी, तो सोयाबीनवाला सांग ना" अशी फर्माईश होते. मी सांगते, लोक हसतात, चहा येतो. शेवटचा किस्सा मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगणार आहे, म्हणून आधीच बजावते, सगळे किस्से हसण्यासारखे नाहीत.

आमचं ऑफिस मंगरूळपीरला, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर. खालून वार्निशचा वास येतो, वर आम्ही चौघं सॉफ्टवेअर बनवतो. मालक वानखडे सर. गिऱ्हाइकांचे फोन घेणारा आणि गावोगाव जाऊन सॉफ्टवेअर बसवून देणारा रिझवान. कोडिंग करणारे दोघं, मी आणि सिद्धार्थ.

सिद्धार्थ आसेगावचा. पुण्यात चांगली नोकरी होती त्याला. बाबांच्या किडन्या गेल्या म्हणून सोडून आला. बाबा शाळेत शिपाई होते, रिटायर झाले आणि वर्षभरात हे दुखणं मागे लागलं. आठवड्यातून दोनदा वाशीमला एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिस. तिथे मशिनी मोजक्या, माणसं गंज, रांग संपतच नाही. ज्याला खुर्ची मिळाली तो जगला, इतका साधा हिशोब! ती खुर्ची गेली तर पुढची सोय अकोल्याला, आणि तिथवर आठवड्यातून दोनदा जाणं बाबांच्याने होणारं नव्हतं. सिद्धार्थचा सगळा जीव त्या एका खुर्चीत होता. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं, आणि बाबांच्या डायलिसिसच्या दिवशी सर त्याला कधीही काही काम सांगत नसत.

आणि त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर आमचंच होतं.

* * *

सरांची एक पद्धत आहे. काम कुठलंही असो, त्यांना पसारा आवडत नाही. "एक डबा ठेव, त्यात नंबर टाक, मधात स्वल्पविराम दे. झालं!" बंद पडलेल्या बस असोत की रद्द झालेली टोकनं, सगळं एका डब्यात, एका ओळीत. 3,11,14 असं. त्या ओळीत एखादा नंबर आहे का, हे तपासायला सरांनी फार पूर्वी एक छोटं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा एक तुकडा, लिहून ठेवलं होतं. त्याचं नावच 'आहे का'. नवं काम आलं की आम्ही तेच उचलून चिकटवायचो.

त्याची करामत पहिल्यांदा कळली ती शाळेच्या बसमुळे. गावाबाहेरच्या एका इंग्लिश मीडियम शाळेची बारा नंबरची बस पंक्चर झाली. क्लार्कबाईंनी 'बंद बस'च्या डब्यात 12 टाकलं. आता 'आज बस येणार नाही' हा मेसेज बारा नंबरच्या पालकांना जायला हवा ना?

पण आमच्या फंक्शनला बारा कळतच नव्हते. त्याला दिसायचा एक, आणि त्याच्या शेजारी दोन. या ओळीत एक आहे का? आहे. दोन आहे का? तोही आहे! मेसेज तिन्ही बसच्या पालकांना गेला. पोरं घरी बसली आणि एक नि दोन नंबरच्या बस हॉर्न वाजवत गावोगाव रिकाम्या फिरल्या.

एक नंबरचा ड्रायव्हर घाबरला. त्याने शाळेत फोन लावला. "म्याडम, एकबी पोट्टं बाहेर नाई. गावात काही रोगराई आली काय?"

"सगळे स्टॉप पाहिले का तुम्ही?"

"सगळे पायले. आता वापस येऊन राह्यलो. मलेबी अंगात कसकस वाटून राह्यली!"

दुरुस्ती एवढीशी होती. ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक स्वल्पविराम लावायचा, आणि जो नंबर शोधायचा त्याच्याही दोन्ही बाजूंना. मग दोन स्वल्पविरामांच्या मधला एकटा एक हा बाराच्या पोटात सापडत नाही. चहा निवायच्या आत झालं. मी सरांना म्हणाले, "सर, हेच फंक्शन बाकीच्या ठिकानीबी हाय. सगळीकडे बदलू काय?"

"कोनाचा फोन आला काय?"

"नाई."

"मंग कायले हात लावते? ज्याचा फोन, त्याचं दुरुस्त."

हा आमच्या ऑफिसचा कायदा. सर वाईट माणूस नाहीत, पण या कायद्यापायी मला त्यांचा आजही राग येतो.

* * *

सोयाबीनवाला किस्सा केनवडचा, आणि रिझवानच्या दाढेचा.

तिथल्या एका व्यापाऱ्याच्या खरेदी केंद्रावर आमचं सॉफ्टवेअर. माल आला की टोकन मिळायचं, माल ओला निघाला की ते टोकन 'नापास'च्या डब्यात जायचं. एका सकाळी सत्तेचाळीस नंबरचा माल ओला निघाला. 47. आता तुम्हीही हुशार झाला असाल. चार नापास, सातही नापास!

चार नंबरवाला शिव्या देत दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेला. सात नंबरचे काका जाणारे नव्हते. त्यांची पोती अजून ट्रॉलीतच होती.

"पोत्याची शिवन उसवली नाई, अन् माहा माल वल्ला कसा झाला बे?"

रिझवान त्या दिवशी नेमका तिथे प्रिंटर बसवायला गेलेला. कॉम्प्युटरवाला हाच, असं कोणीतरी बोट दाखवलं. काकांनी त्याला हाताला धरून ट्रॉलीवर चढवलं, पोतं फोडलं आणि मूठभर दाणे त्याच्या तळहातावर ठेवले. आमच्याकडे दाणा दाताखाली धरून बघतात. कट्‌कन फुटला तर कोरडा, दबला तर ओला.

"चाव. अन् सांग सगळ्यायले."

भोवती ही गर्दी. रिझवानने चावला. कट्‌! सगळ्यांनी ऐकलं. काकांनी त्याची पाठ थोपटली, व्यापाऱ्याने माल घेतला, कोणीतरी रिझवानला उसाचा रसही पाजला. तो आवाज दाण्याचा नव्हता, हे फक्त रिझवानलाच माहीत.

संध्याकाळी गाल धरून ऑफिसात आला. सरांनी विचारलं, "दुरुस्त झालं ना?"

"सोयाबीनचं झालं सर. दाढेचं उद्या पायतो."

* * *

इथून पुढे हसू कमी होत जातं.

एका समाजमंडळाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट आम्ही केली होती. ज्याचं लग्न ठरलं त्याचा नंबर 'जमलं'च्या डब्यात टाकायचा, म्हणजे ते नाव दिसेनासं होतं. वर्षभराने एक गृहस्थ जिना चढून आले. काखेत पिशवी, पिशवीत मुलीचे फोटो.

"म्याडम, वरीस झालं. माह्या पोरीसाठी एक फोन नाई आला. आमी फोटो दुसरा काढला. मंग चष्मा काढून काढला. सोमवार धराले लावले तिले. थे म्हने, राहू द्या ना बाबा. पन मी आयकलं नाई."

त्यांच्या मुलीचा नंबर पाच. डबा उघडायच्या आधीच मला कळलं होतं. पंधरा नंबरच्या मुलाचं गेल्या वर्षी मेळाव्यातच ठरलं होतं. त्या दिवसापासून पाच नंबरची मुलगी वेबसाइटवर कोणाला दिसलीच नव्हती. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी पिशवीतला एक फोटो काढून बघितला. "म्हंजे पोरीत खोट नोती काही?"

"काहीच नव्हती काका."

"आन् तिले चष्मा काढाले लावला मी." मग त्यांनी सरांकडे बघितलं. "भाऊ, वरीस गेलं ना पन तिचं. पोरगी एका वर्षानं मोठी झाली. थे दुरुस्त होते काय?"

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना खरंच वाटलं की हा माणूस वेबसाइटवर दिसणाऱ्या वयाबद्दल विचारतोय. ते म्हणाले, "वय आपोआप वाढते भाऊ, थे सिस्टीमच करते. त्याले हात लावा लागत नाई!"

चहा सांगितला होता, तो यायच्या आत काका निघून गेले. त्या दिवशी मी सरांशी बोलले नाही. सिद्धार्थही बोलला नाही.

* * *

सिद्धार्थ माझ्यासारखा नुसता चिडून बसणारा नाही. सर एका लग्नाला परभणीकडे गेलेले बघून त्याने ठरवलं, फोनबिन गेला खड्ड्यात, हे फंक्शन सगळीकडून उपटून टाकायचं. सुरुवात केली एका ग्रामपंचायतीपासून.

त्या गावाची पाइपलाइन फुटकी. कुठे गटाराचं पाणी मिसळलं की ग्रामपंचायतीचा ऑपरेटर त्या वॉर्डाचा नंबर डब्यात टाकायचा आणि वॉर्डातल्या लोकांना मेसेज जायचा, 'नळाचं पाणी पिऊ नका.' सिद्धार्थने तिथे नवं फंक्शन बसवलं. दोन्ही बाजूंना स्वल्पविराम, एकदम शिस्तीत.

पण त्या ऑपरेटरचं टायपिंग फार सुबक. शाळेत शिकवल्यासारखं तो प्रत्येक स्वल्पविरामानंतर एक जागा सोडायचा. त्याने टाकलं चार, मग स्वल्पविराम, मग मोकळी जागा, मग नऊ. नवं फंक्शन स्वल्पविरामाला अगदी चिकटलेला नऊ शोधत होतं. तसा नऊ तिथे नव्हता. जुन्या अडाणी फंक्शनला तो बरोबर सापडला असता. आमचं जे चुकीचं होतं ते तिथे नीट चाललं होतं, आणि नीट केल्यावर चुकलं.

चार नंबर वॉर्डाने पाणी ओतून दिलं. नऊ नंबर वॉर्ड ते पाणी प्यायला. एका गरोदर बाईला सलाईनवर ठेवावं लागलं. ती आणि तिचं बाळ दोघंही वाचले, पण ते कळेपर्यंत सिद्धार्थ पाण्याच्या घोटालाही शिवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सरपंचबाई स्वतः आल्या. सर नुकतेच लग्नाहून परतलेले, कपाळावर अजून अक्षता.

"सर, अख्खा नऊ नंबर वार्ड संडासाच्या दारात रांग लावून उभा हाय. दुरुस्ती मांगतली कोन होती तुमाले?"

सर त्या दिवशी सिद्धार्थवर जे ओरडले ते खाली रिवाइंडिंगवाल्यांनाही ऐकू गेलं. त्यांनी त्याला आईची शपथ घालून वचन घेतलं, यापुढे फोन आल्याशिवाय चालत्या कोडला हात लावायचा नाही. सिद्धार्थने दिलं वचन. एरवी त्याने वाद घातला असता. पण ती सलाईनवरची बाई त्याच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. ग्रामपंचायतीचं त्याने मोकळ्या जागेसकट दुरुस्त केलं आणि बाकीची ठिकाणं होती तशी सोडली.

त्या बाकीच्या ठिकाणांत बाबांचा दवाखाना होता.

* * *

आता तो शेवटचा किस्सा.

दवाखान्याचं सॉफ्टवेअर सिद्धार्थनेच लिहिलं होतं, आमच्या रीतीप्रमाणे, तेच फंक्शन चिकटवून. आदल्या दिवशी पेशंटला मेसेज जायचा, 'उद्या डायलिसिस आहे, वेळेवर या.' मेसेज आला तरच यायचं, असा तिथला नियम, कारण बाहेर बसायला जागा नाही. सुरुवातीला काय झालं, तीन नंबरचा पेशंट वारला आणि त्याच्या तेरवीच्या आदल्या दिवशी घरी मेसेज गेला, 'उद्या वेळेवर या.' घरचे लोक दवाखान्यात येऊन भांडले. त्यानंतर 'मयत' नावाचा एक डबा केला. पेशंट गेला की त्याचा नंबर त्यात टाकायचा. मेसेज बंद, खुर्ची मोकळी, पुढच्याला जागा.

नंबर होते पेशंट आले त्या क्रमाने. म्हणजे लहान नंबरवाले सगळ्यांत जुने, टिकून राहिलेले. बाबा सहा नंबर. सिस्टर त्यांना 'सहा नंबर बाबा'च म्हणायच्या. शेजारच्या खुर्चीवर केनवडच्या चंद्रभागाबाई, नंबर चार. त्या बिनमिठाची भाकर आणायच्या. डायलिसिस झालं की दोघं ती वाटून खायचे आणि लोणच्याच्या गोष्टी करायचे. "भाऊ, फोड दिसते काय डोयापुढं?" "दिसते बाई. खार सुटला हाय तिले." बाबा घरी येऊन हे हसत हसत सांगायचे.

मग एक दिवस चंद्रभागाबाई आल्या नाहीत. पुढच्या वेळीही नाहीत. बाबांनी काउंटरवर विचारलं. तिथला माणूस स्क्रीनकडे बघून म्हणाला, "त्यायचं नाव बंद झालं."

त्या दवाखान्यात नाव बंद होण्याचा एकच अर्थ होता. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. सिद्धार्थला म्हणाले, "चंद्रभागाबाई गेल्या रे." सिद्धार्थने मला सांगितलं, आम्ही दोघं हळहळलो आणि कामाला लागलो.

काही दिवसांनी मंगरूळपीरचे एक टेलर वारले. त्यांचा नंबर सोळा.

पुढच्या डायलिसिसच्या आदल्या दिवशी बाबांना मेसेज आला नाही. नेटवर्क नसेल म्हणून ते बस धरून वाशीमला गेले. त्यांच्या खुर्चीवर एक नवी बाई, अगदी तरुण, हातात सुई, डोळे मिटलेले. सिस्टरने स्क्रीनकडे बघितलं, मग बाबांकडे, मग पुन्हा स्क्रीनकडे.

"बाबा, अठी त तुमी... मयत दाखवते."

"मी त बसनं आलो!"

सगळा हॉल हसला. बाबाही हसले. पण रिकामी मशीन एकही नव्हती. मॅनेजर म्हणाला, सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलतो, तोवर घरी जा. बाबांनी तिथूनच सिद्धार्थला फोन लावला. "आबे, तुह्या कॉम्प्युटरनं मले मारलं ना!" अजून हसतच होते.

सिद्धार्थने डबा उघडला. 3,11,14,16. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. सोळात सहा. आणि मग, दोघांना एकदमच दिसलं, चौदात चार. अकरात एक.

रिझवानला मॅनेजरचाही फोन येऊन गेला होता, म्हणजे कायद्यानेही आता हात लावायला हरकत नव्हती. इतके दिवस कोणाचा येणार होता? काउंटरवाल्यांना खुर्च्या मोकळ्या मिळत होत्या, नवे लोक खूश होते. तक्रार करायची ती ज्यांनी, ते सगळे मयतच्या डब्यात. सरांनी स्वतः खुर्ची ओढली आणि सिद्धार्थच्या शेजारी येऊन बसले. सिद्धार्थने स्वल्पविराम लावले, मोकळ्या जागा काढून टाकल्या, चार-चारदा तपासलं. मयत दाखवणाऱ्या तीन लाल ओळी हिरव्या झाल्या. एक, चार, सहा.

एक नंबरचे पेशंट म्हणजे रिसोडकडचे एक मास्तर. रिझवानने त्यांच्या घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, "मेसेज येनं बंद झालं, त आमाले वाटलं आता गरज नसन. बाबाबी म्हनत, मी बरा हाय. कायले उगाच चकरा मारता. दिवाळीच्या आधी गेले ना बाबा."

रिझवानने फोन ठेवला. हिरवी झालेली ती ओळ पुन्हा लाल करायची होती. डब्याच्या शेवटी 1 टाकायचा, तोही सिद्धार्थनेच. तो स्वल्पविरामावर बोट ठेवून बसला, आणि मग त्याने तो टाकला. मास्तर आधी आमच्या प्रोग्रॅममध्ये मेले आणि त्यामुळे मग खरे मेले. सर म्हणतात, असं बोलू नको. मी बोलणार. आमच्या प्रोग्रॅमने माणूस मारला.

एवढ्यात बाबा जिना चढून आले. वाशीमहून थेट आमच्याकडे. आसेगावला जाण्याइतकं त्राण नव्हतं. पाय सुजून टम्म झालेले, दर दोन पायऱ्यांवर थांबत आलेले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, दम खाल्ला आणि विचारलं, "मी काहून मेलो, सांग बरं." सिद्धार्थने त्यांना समजावून सांगितलं. सोळा लिहिले की त्यात सहा दिसतो, चौदा लिहिले की चार. मोठा नंबर गेला की लहान नंबर त्याच्याबरोबर जातो.

"मंग चार?" बाबा ताठ झाले. "चंद्रभागाबाई?"

सिद्धार्थने फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. उचलला तो चंद्रभागाबाईंनीच.

"बाई, जित्या हाय काय तुमी! मी त तुमच्या नावानं रडलो ना बाप्पा!"

पलीकडून बारीक आवाज ऐकू येत होता. नाव बंद झालं म्हटल्यावर त्या काउंटरवरूनच परत गेल्या होत्या. मुलगा भाड्याच्या गाडीने अकोल्याला नेत होता, दोनदाऐवजी एकदाच, तेवढीच त्याची ऐपत. आता अंथरुणावरून उठवत नव्हतं. "भाऊ, तुमीबी बंद झाले काय?" त्यांनी विचारलं आणि दोघंही हसत सुटले, हसता हसता बाबा रडायला लागले. "या बाई. दुरुस्त झालं सारं. माह्या पोरानंच केलं. भाकर आना."

रिझवान तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मलाही राहवलं नाही. त्या ऑफिसात पहिल्यांदाच मला वाटलं, आपण काहीतरी चांगलं काम केलं.

तेवढ्यात रिझवानचा फोन वाजला. मॅनेजर. त्याचा सगळा व्यवहार रिझवानशी. सिद्धार्थ कोण, बाबा कोणाचे कोण, त्याला काही माहीत नव्हतं. रिझवानने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"रिझवानभाई, काम एकदम बराबर झालं तुमचं. पन आता दोन मानसं वाढले ना. त्यायच्या खुर्च्या मी नव्या पेशंटले देऊन बसलो. थे जवान जवान लोकं, लेकराबाळायचे. त्यायले उठवू कसा? मशिनी त तेवढ्याच हाय. पयले सारं कसं बराबर बसत होतं." मग आवाज खाली आला. "मी काय म्हनतो... थे जुनंच वापस टाकता येते काय? मी वर सांगतो ना, सॉफ्टवेअरमंदी प्रॉब्लेम हाय म्हून."

खाली दुकानात कोणीतरी मोटार चालू करून बघत होतं. रिझवानने सरांकडे बघितलं. सर फरशीकडे बघत होते.

"हॅलो? आयकू येऊन राह्यलं काय?"

बाबांच्या हातात अजून सिद्धार्थचा फोन होता, चंद्रभागाबाईंशी बोलून नुकताच बंद केलेला. त्यांनी तो हळूच टेबलावर उपडा ठेवला. खुर्चीतून पुढे वाकले, सिद्धार्थची बाही धरून त्याला जवळ ओढलं, आणि मॅनेजरला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"जुनं टाकलं तरी... माहा नंबर तेवढा बदलता येते काय रे?"